आपल्या रस्त्याला नंबर आहे का?



गटाची बैठक असते. बचत गोळा होते, हप्ते लिहून होतात, कर्जमागणीवर चर्चा होते. आणि सगळं आटोपून उठायच्या वेळेला कुणीतरी म्हणतंच, "अगं, त्या रस्त्याचं काय झालं?" मग पुढचा अर्धा तास रस्त्यावरच जातो. पावसाळ्यात दुधाची गाडी वस्तीपर्यंत येत नाही. पोरीला दहावीनंतर कॉलेजला पाठवायचं तर संध्याकाळची एसटी नाही. बाळंतीण बाईला फाट्यापर्यंत बाजेवरून न्यावं लागतं. सरपंचांना विचारलं तर म्हणतात निधी नाही. झेडपीत विचारलं तर म्हणतात आमच्याकडे नाही, बांधकाम खात्यात जा. तिथं गेलं तर म्हणतात हा रस्ता आमचा नाही.

यात दरवेळी कुणी खोटंच बोलत असतं असं नाही. बऱ्याचदा आपण चुकीच्या दारात उभ्या असतो. म्हणून आज बोलू या की गावचा रस्ता कोण ठरवतं, पैसा कुठून येतो, एसटी कोण सुरू करतं, आणि या सगळ्यात बायकांनी नेमकं कुठं आणि कधी बोलायचं.

रस्ता कोणाचा?

पहिली गोष्ट, सगळे रस्ते एका खात्याचे नसतात. वरून खाली बघितलं तर आधी राष्ट्रीय महामार्ग, मग राज्यमार्ग, मग प्रमुख जिल्हा मार्ग, त्यानंतर इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. कागदावर याची छोटी नावं असतात. प्रमुख जिल्हा मार्गाला 'प्रजिमा', इतर जिल्हा मार्गाला 'इजिमा' आणि ग्रामीण मार्गाला 'ग्रामा' लिहितात. पुढे क्रमांक असतो. रस्त्याकडेच्या दगडावर किंवा कामाच्या फलकावर हे अक्षर आणि आकडा तुम्ही पाहिला असेल.

राज्यमार्ग आणि प्रजिमा साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. आणि शेतात जाणारे पाणंद रस्ते, शिवरस्ते यांचा वाद असेल तर तो विषय तहसीलदारांकडे जातो.

म्हणजे फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता 'ग्रामा' असेल तर बांधकाम खात्यात चकरा मारून उपयोग नाही. पंचायत समितीच्या ठिकाणी जिल्हा परिषदेचा बांधकाम उपविभाग असतो, तिथं उपअभियंता आणि शाखा अभियंता बसतात. आपलं पहिलं दार ते.

नंबर नसेल तर काय?

आता खरी अडचण इथं आहे. जो रस्ता नोंदवहीत नाही, तो सरकारच्या दृष्टीनं नाहीच. आपण रोज त्यावरून चालतो, बैलगाडी जाते, पोरं शाळेत जातात. पण जिल्ह्याच्या रस्ते विकास आराखड्यात त्याची नोंद नसेल, तर मोठ्या योजनांमधून त्यावर खर्च टाकायला जागाच नसते.

आमच्या प्रभागातल्या एका वस्तीचं असंच झालं. वस्ती मूळ गावापासून अडीच किलोमीटर लांब. बायकांनी अर्जावर अर्ज दिले. दरवेळी अर्ज परत यायचा, नाहीतर उत्तरच यायचं नाही. शेवटी ग्रामसंघाच्या दोघीजणी कार्यालयात जाऊन बसल्या आणि एकच प्रश्न विचारला, "आमच्या रस्त्याचा नंबर सांगा." तेव्हा कळलं की नंबर मूळ गावापर्यंतच्या रस्त्याला आहे, पुढच्या अडीच किलोमीटरला नाही. मग अर्जाचा विषयच बदलला. 'रस्ता करून द्या' याऐवजी 'रस्त्याची नोंद करा, क्रमांक द्या' असा ग्रामसभेचा ठराव झाला. नंबर मिळायलाही वेळ लागला. पण आता तो रस्ता यादीत आहे, आणि यादीतल्या रस्त्यासाठीच भांडता येतं.

नोंद नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. सोबत गावनकाशा लागतो. तलाठ्याकडच्या किंवा भूमी अभिलेख कार्यालयातल्या नकाशावर दुहेरी तुटक रेष असेल तर तो गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेष असेल तर पायमार्ग. नकाशावर रस्ता असेल तर आपली बाजू भक्कम होते. नसेल आणि रस्ता खाजगी शेतातून जात असेल, तर त्या शेतकऱ्यांची लेखी संमती लागते. इथंच बरेच रस्ते अडतात. कारण प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेसारख्या योजनेत रस्त्याला पैसे मिळतात, जमीन घ्यायला मिळत नाहीत. ज्या भावकीत चार फूट जागेवरून बोलणं बंद आहे, तिथं अभियंता काही करू शकत नाही. तिथं घरातल्या बायकाच एकमेकींशी बोलून मार्ग काढतात, हे मी दोन-तीन गावांत पाहिलंय.

पैसा कुठून येतो?

आपल्या गटात जसं स्वतःची बचत वेगळी, बँकेचं कर्ज वेगळं आणि फिरता निधी वेगळा, तसंच रस्त्याचं आहे. पैशाच्या थैल्या वेगवेगळ्या आणि प्रत्येकीचे नियम वेगळे.

पहिली थैली ग्रामपंचायतीची. स्वतःची घरपट्टी, पाणीपट्टी आणि वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ २०२१ ते २०२६ असा होता. त्यात ग्रामीण भागासाठी आलेल्या पैशाचे ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला असा आपल्या राज्यातला वाटा होता. पण या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते. उरलेल्या ४० टक्क्यांत गावच्या बाकी सगळ्या गरजा. त्यातून गल्लीचा सिमेंट रस्ता होतो, गटार होतं, छोटी मोरी होते. फाट्यापर्यंतचा डांबरी रस्ता होत नाही.

का होत नाही, ते आकड्यात बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्याला केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. देशभरात ६२,५०० किलोमीटर रस्ते आणि ७०,१२५ कोटी रुपये. भागाकार करा. एका किलोमीटरला सरासरी एक कोटी बारा लाखांच्या आसपास. लहानसहान ग्रामपंचायतीकडे एवढा पैसा कुठून येणार? म्हणून सरपंच 'निधी नाही' म्हणतात तेव्हा ते या थैलीबद्दल तरी खरं असतं. पुढचा प्रश्न आपण विचारायचा, "मग दुसऱ्या थैलीसाठी प्रस्ताव पाठवला का?"

दुसरी थैली जिल्हा वार्षिक योजनेची. ही सगळ्यात महत्त्वाची आणि बायकांना सगळ्यात कमी माहीत असलेली. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असावी असं ठरलं आणि महाराष्ट्रानं त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला. पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्हा परिषद आणि नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य यात असतात. जिल्ह्याला वर्षभरात किती पैसा आणि तो रस्ते, शाळा, दवाखाने, पाणी यात कसा वाटायचा, हे या समितीत मंजूर होतं.

या योजनेचे तीन भाग आहेत. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जातींसाठीची योजना आणि आदिवासी उपयोजना. वस्ती कुणाची आहे यावर कुठल्या भागातून मागायचं ते ठरतं. रस्त्यांच्या बाबतीत दोन आकडे लक्षात ठेवा, तीस चोपन्न आणि पन्नास चोपन्न. ३०५४ आणि ५०५४ ही हिशेबाची शीर्षं आहेत. ग्रामीण रस्त्यांची दुरुस्ती, मजबुतीकरण मुख्यतः ३०५४ मधून आणि इतर जिल्हा मार्गांची नवी, मोठी कामं ५०५४ मधून. कार्यालयात जाऊन नुसतं "रस्त्याचं काय?" विचारण्यापेक्षा "आमचा रस्ता तीस चोपन्नच्या यादीत घेतलाय का?" असं विचारा. समोरचा माणूस मान वर करून बघतो.

तिसरी थैली केंद्र आणि राज्याच्या योजनांची. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. सुरुवातीला सपाट भागातल्या ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागातल्या २५० लोकसंख्येच्या वस्त्यांना बारमाही रस्त्यानं जोडायचं, असा तिचा हेतू होता. आपल्या राज्यात यात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. चौथ्या टप्प्यासाठी २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या धरली आहे. जे रस्ते यात बसत नाहीत त्यांच्यासाठी राज्यानं २०१५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली. शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली, ती रोजगार हमीच्या जोडीनं चालवायची म्हणून.

रोजगार हमी म्हटल्यावर एक आठवण करून देते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी रस्त्यांची खडी बायकांनी फोडली आहे, माती डोक्यावरून वाहिली आहे. आपल्या आज्या-सासवांना विचारा. रस्ते बांधताना बायका होत्याच. रस्ता कुठून न्यायचा हे ठरवताना मात्र नव्हत्या. ती जागा आता घ्यायची आहे.

चौथी थैली खासदार-आमदारांच्या स्थानिक विकास निधीची. खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, पण ते अख्ख्या मतदारसंघासाठी. याशिवाय लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांसाठी ग्रामविकास खात्याचं २५१५ नावाचं शीर्ष आहे. या पैशातून छोटे तुकडे होतात. म्हणूनच एका रस्त्यावर दोनशे मीटर एका निधीतून, तीनशे मीटर दुसऱ्यातून आणि मधला भाग तसाच खड्ड्यांचा, असं चित्र दिसतं. तुकडा मिळाला तर घ्यावा, पण पूर्ण रस्त्याची मागणी सोडू नये.

मुंबई आणि पुण्याच्या आसपासच्या मैत्रिणींसाठी एक जादा गोष्ट. तुमचं गाव महानगर प्रदेशात येत असेल तर मुंबईकडे एमएमआरडीए आणि पुण्याकडे पीएमआरडीए ही प्राधिकरणं मोठ्या रस्त्यांचं नियोजन करतात. गावाच्या शिवारातून कुठला रस्ता जाणार ते त्यांच्या आराखड्यात आखलेलं असतं. आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवतात, त्याला मुदत असते. ती मुदत चुकवू नका.

वेळ चुकली तर वर्ष गेलं

आपण बहुतेक वेळा पावसाळ्यात रस्त्याबद्दल बोलतो, कारण त्रास तेव्हा होतो. पण सरकारचं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरपासून जानेवारीअखेरपर्यंत तयार होतो. जिल्ह्याचा पुढच्या वर्षाचा आराखडाही हिवाळ्यातच जुळतो, जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरावर त्याची बैठक होते आणि मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो. म्हणजे जुलैमध्ये चिखलात उभं राहून केलेली तक्रार कागदावर यायला हवी ऑक्टोबरच्या ग्रामसभेत. दिवाळीच्या गडबडीत ती ग्रामसभा हुकली, तर पुढची संधी वर्षानंतर.

बचत गटांसाठी यात एक खास जागा आहे. उमेदच्या ग्रामसंघांनी गावाचा जो आराखडा करायचा असतो, ज्याला आपण व्हीपीआरपी म्हणतो, त्यात सार्वजनिक सोयींच्या मागणीचा भाग आहे. रस्ता, मोरी, बसथांबा हे त्यात लिहा. हा आराखडा ग्रामसभेत द्यायचा असतो आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात जोडायचा असतो.

शिवाय नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानं बंधनकारक आहे. ही सभा अनेक गावांत फक्त सह्यांपुरती होते. वही घरोघर फिरते, आपण सही करतो, झालं. पुढच्या वेळी वही आली तर विचारा, "सभा कधी आणि कुठं?" ग्रामसभेला गणसंख्या लागते १५ टक्के मतदार किंवा १००, यातली जी कमी असेल ती. गावात दहा गट असतील तर शंभर बायका आपल्याकडेच आहेत. गणसंख्या आपल्याच हातात आहे, मैत्रिणींनो.

अर्जात काय लिहायचं?

'रस्ता फार खराब आहे' हे सगळेच लिहितात. यादीत शंभर रस्ते असतात, पैसा दहाचा. मग निवड कशी होते? ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात तर बाजार, हायस्कूल, दवाखाना अशा ठिकाणांना रस्ता जोडतो का, यावर गुण दिले गेले. म्हणून आकडे लिहा. रस्त्याचा क्रमांक आणि लांबी. वस्तीतली घरं आणि माणसं. रोज किती मुली या रस्त्यानं शाळेत जातात. किती लिटर दूध बाहेर जातं. पावसाळ्यात किती दिवस वाट बंद असते. गेल्या वर्षी किती गरोदर बायकांना फाट्यापर्यंत चालत किंवा उचलून न्यावं लागलं. हे आकडे कुठल्याही कार्यालयात नाहीत, आशाताईंच्या आणि आपल्या वहीत आहेत.

मंजूर झालं, पुढे?

मंजुरी म्हणजे काम नव्हे. आधी अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि त्यानंतर कार्यारंभ आदेश. कार्यारंभ आदेश निघाला म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा हुकूम मिळाला. तोवर नारळ फुटला तरी खडी पडत नाही. त्यामुळे "रस्ता मंजूर आहे" असं कुणी सांगितलं की विचारायचं, "कुठल्या पायरीवर आहे? आदेशाची तारीख काय?"

ग्रामसडक योजनेत रस्त्याची रेषा ठरवायच्या आधी गावातून फेरी काढायची असते, अभियंता, तलाठी, सरपंच आणि गावकरी मिळून. त्या फेरीत बायका असाव्यात. पाणी कुठं तुंबतं, मोरी कुठं हवी, विहिरीकडे जायची वाट कुठं तुटेल, हे रोज पाणी भरणारीला जास्त ठाऊक असतं.

काम सुरू झाल्यावर फलक वाचा. कामाचं नाव, लांबी, खर्च, ठेकेदार त्यावर लिहिलेलं असतं. ग्रामसडक योजनेतला रस्ता पूर्ण झाल्यानंतर ५ वर्षं त्याची देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. दोन वर्षांत खड्डे पडले तर नव्या निधीची वाट बघायची नाही, त्या ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्या असं लेखी मागायचं. 'मेरी सडक' या मोबाइल ॲपवर फोटो काढून तक्रारही करता येते. आणि माहितीच्या अधिकारात, १० रुपयांत, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची नक्कल मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या कायद्यात वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे, हे फार कुणाला माहीत नसतं.

आणि एसटी?

रस्ता झाला म्हणजे गाडी आली असं नाही. एसटीचं खातं वेगळं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून खेड्यातल्या बाईचा प्रवास एसटीशीच बांधलेला आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळते आणि सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं. त्यामुळे अर्ध्या तिकिटाचं प्रवासी म्हणून आपण कुणावर ओझं नाही.

नवी फेरी हवी असेल किंवा वेळ बदलून हवी असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकांना अर्ज द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. रस्ता गाडी जाण्याजोगा आहे का, वळायला जागा आहे का आणि प्रवासी किती मिळतील, हे ते बघतात. म्हणून अर्जासोबत शाळा-कॉलेजच्या मुलींची यादी द्या. मुख्याध्यापकांचं पत्र जोडा. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठी वेगळ्या बस दिल्या आहेत. आपला तालुका त्यात असेल तर त्या गाडीच्या फेऱ्या कुठल्या गावांना जातात ते आगारात विचारा. संध्याकाळची एक फेरी नाही म्हणून एखाद्या मुलीचं शिक्षण दहावीवर थांबतं आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरतं. आपण फक्त वेळापत्रक मागत नाही आहोत, हे विसरू नका.

या महिन्याचं काम

येत्या बैठकीत तीनच गोष्टी करा. एक, आपल्या रस्त्याचा क्रमांक काय आणि तो कुणाकडे आहे, हे दोघींनी जाऊन विचारून यायचं. दोन, वर सांगितलेले आकडे एका वहीत लिहायचे. तीन, पुढच्या महिला सभेची तारीख ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून लेखी घ्यायची. त्या सभेत ठराव वाचून घ्या, नोंदवहीत लिहिला गेला याची खात्री करा आणि ठरावाची नक्कल घेऊनच घरी या. गटाच्या वहीत न लिहिलेलं कर्ज जसं कर्ज नसतं, तशी नोंदवहीत न लिहिलेली मागणी ही मागणी नसते.

तुमच्या रस्त्याचा नंबर सापडला की आम्हाला जरूर कळवा. आणि नंबर नाही असं कळलं, तर आधी कळवा.